सर्व्हिसिंग झालं की पंधरा दिवसांत अॅव्हरेज पुन्हा खाली: छोट्या पल्ल्याच्या गाडीचं निदान

लक्षण असं. सर्व्हिसिंग करून गाडी आणली की आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग अॅव्हरेज पुन्हा घसरतं. परत गेलं की मिस्त्री प्लग घासतो, कार्बोरेटर उघडून पुसतो, हवेचा स्क्रू पाव फेरा इकडचा तिकडे करतो आणि म्हणतो, "आता बघा." बघतो. पुन्हा तेच.

माझं हे दीड वर्ष चाललं होतं. गाडी म्हणजे १२५ सीसीची मोटरसायकल, कार्बोरेटरची. घर ते काम जेमतेम चार किलोमीटर, वाटेत नऊ सिग्नल. याच रस्त्यावर पूर्वी लिटरला पन्नासच्या आसपास देणारी गाडी ४१-४२ वर येऊन बसली. नवा प्लग, नवा एअर फिल्टर, कुणीतरी सुचवलेलं जाड ऑइल, सगळं करून झालं. शेवटी कारणं दोन निघाली, आणि दोन्हींसाठी लागलं काय, तर एक पाना आणि चिमूटभर ग्रीस. खाली लिहिलेला क्रम म्हणजे मी ज्या क्रमाने शोधायला हवं होतं तो. प्रत्यक्षात मी बरोबर उलट्या दिशेने गेलो होतो.

आधी आकडाच तपासा

छोट्या पल्ल्याच्या गाडीचं अॅव्हरेज मोजताना हमखास फसगत होते, कारण पेट्रोल थोडं थोडं भरलं जातं. समजा १५० किलोमीटर झाले आणि टाकीत तीन लिटर बसलं. ५० चं अॅव्हरेज आलं. पण मागच्या वेळी गाडी साइड स्टँडवर तिरकी होती आणि आज मेन स्टँडवर सरळ आहे. "फुल"ची रेघ एवढ्यानेही २०० मिलिलिटरने सहज हलते. तीनऐवजी ३.२ बसलं तर आकडा येतो ४७, आणि २.८ बसलं तर साडेत्रेपन्न. गाडी तीच, रस्ता तोच, आणि साडेसहा किलोमीटरचा फरक नुसत्या भरण्याचा. अशा आकड्यावर कार्बोरेटर उघडणं म्हणजे वेडेपणा आहे. मी तो दोनदा केला.

म्हणून सलग तीन वेळा टाकी फुल करा. शक्यतो त्याच पंपावर, गाडी मेन स्टँडवर, आणि नोझल आपोआप बंद झालं की तिथेच थांबा, वरून थेंब थेंब ओतायला लावू नका. तीन वेळचं पेट्रोल आणि तीन वेळचे किलोमीटर एकत्र करून भागा. ४५० किलोमीटरला नऊ लिटर झालं की तीच २०० मिलिलिटरची चूक आकडा साधारण ४९ ते ५१ च्या मध्येच ठेवते. रिझर्व्ह ते रिझर्व्ह मोजणारे बरेच आहेत, पण छोट्या टाकीत चढावर, वळणावर, गाडी कशी हलते त्यावर रिझर्व्ह लवकर-उशिरा लागतं. तो आकडा मी धरत नाही. मीटरवर दिसणारा अंदाजही नाही.

याच काळात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण वाढलं आहे का तेही पाहा. इथेनॉलमध्ये तेवढ्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे १० टक्के मिश्रणाला तीनेक टक्के आणि २० टक्के मिश्रणाला सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ५० चे ४७ झाले असतील तर गाडीला दोष देण्याआधी एवढं वजा करा. ५० चे ४१ होण्याइतकं मात्र इथेनॉलने होत नाही.

एक टाकी छोट्या पल्ल्याची, एक टाकी लांबची

ही चाचणी मला कुणी आधी सांगितली असती तर दीड वर्ष वाचलं असतं. टाकी फुल करा आणि सुट्टीच्या दिवशी गाडी मोकळ्या रस्त्यावर ८०-१०० किलोमीटर एका दमात न्या, ताशी ४५-५० च्या एकसारख्या वेगाने. परत त्याच पंपावर फुल करा. आता तुमच्याकडे दोन आकडे आहेत: रोजच्या छोट्या पल्ल्याचा आणि लांबचा.

लांबचा आकडा पूर्वीसारखाच आणि रोजचाही पूर्वीइतकाच कमी असेल, तर गाडी ठणठणीत आहे. तुमचा रस्ताच तेवढं पेट्रोल खातो, गॅरेजला जाऊन काही हाती लागणार नाही. दोन्ही आकडे सारखेच घसरले असतील तर गाडीला काहीतरी अडवतंय (ब्रेक, चेन, टायर), क्लच घसरतोय किंवा इंजिनचं कॉम्प्रेशन (आत हवा-पेट्रोल दाबून धरायची ताकद) गेलंय. आणि लांबचा आकडा जवळपास जागेवर पण रोजचा मात्र बराच खाली गेला असेल, तर दोष इंजिन थंड असतानाच्या किंवा कमी रेसवरच्या पेट्रोलच्या सोयीत आहे. तिथे चोक, तापमानाचा सेन्सर, थर्मोस्टॅट (पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप) आणि ऑइलची जाडी एवढेच संशयित उरतात.

माझ्या गाडीत दोन्ही घसरले होते, पण रोजचा जास्त. तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं की दुखणी दोन आहेत.

थंड इंजिन काय करतं

पेट्रोल जळतं ते वाफेचं. थंड इंजिनात त्यातलं बरंचसं इनटेकच्या भिंतीला थेंब होऊन चिकटतं आणि वाफ होऊन पोचतं ते कमी पडतं. म्हणून गाडी मुद्दाम जास्त पेट्रोल ओढते. कार्बोरेटरच्या गाडीत हे काम चोक करतो, इंजेक्शनच्या गाडीत तापमानाचा सेन्सर पाहून कॉम्प्युटर करतो. गरम इंजिनात एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हा हिशोब असतो, थंडीत हवेचा वाटा यापेक्षा बराच कमी ठेवावा लागतो. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरकडच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामच करत नाही, तोवर कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल देत राहतो.

त्यात ऑइल. इंजिनचं डोकं दोन-तीन किलोमीटरमध्ये हाताला चटका देण्याइतकं तापतं, पण खालचं ऑइल मागेच राहतं. चार किलोमीटरच्या फेरीत ते पूर्ण तापतच नाही. म्हणजे इंजिनची बरीचशी ताकद जाड ऑइल घुसळण्यात जाते. यात कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत "इंजिन गुळगुळीत चालेल" म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरलं की काय होतं ते मी अनुभवलं आहे. आवाज खरंच कमी झाला. अॅव्हरेजही झालं. मॅन्युअलमधली ग्रेड आणि वेट क्लचच्या (क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो त्या) गाडीसाठी जॅसो एमए किंवा एमए२ हा शिक्का, यापलीकडे ऑइलमध्ये हुशारी करू नका. कारचं ऑइल तर नकोच. त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच प्लेट घसरवू शकतात.

मग सकाळी गाडी पाच मिनिटं उभ्या उभ्या तापवायची का? नको. त्या पाच मिनिटांत किलोमीटर शून्य आणि चोक चालू. सेल्फ मारा, हेल्मेट-हातमोजे घाला, तेवढ्या २०-३० सेकंदांत ऑइल वर पोचतं. मग निघा आणि पहिला एक-दीड किलोमीटर रेस हळू ठेवा. चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते. कार्बोरेटरची असेल तर इंजिन चोकशिवाय धरतंय असं वाटलं की लगेच चोक आत. विसरून कामापर्यंत अर्धा चोक ओढून जाणारे लोक मी रोज पाहतो, मागून वासावरून कळतं.

दोन-तीन कामं असतील तर ती वेगवेगळ्या दिवशी न करता एकाच फेरीत उरकणं हा थंड इंजिनावरचा सर्वात मोठा उपाय. पहिल्या कामाला इंजिन तापतं, पुढची कामं त्याच तापलेल्या इंजिनावर होतात. ऐकायला किरकोळ वाटतं, माझ्या वहीत मात्र पानं उलटली की दिसतं.

पहिलं कारण: अर्धवट बसलेला चोक

चोकचा खटका आत ढकलला म्हणजे चोक बंद झाला असं आपण धरून चालतो. हँडलवरच्या खटक्यापासून कार्बोरेटरपर्यंत केबल असते आणि तिला किंचित ढील लागते. केबल ताणलेली असेल, किंवा आतून गंजून अडकत असेल, तर खटका आत आणि कार्बोरेटरमधला प्लंजर (जास्तीच्या पेट्रोलची वाट बंद करणारा दट्ट्या) मात्र दोन मिलिमीटर उघडा. त्या फटीतून पेट्रोल दिवसभर जात राहतं. आयडलिंगला आणि कमी रेसवर याचा परिणाम सर्वात जास्त, म्हणजे नेमका शहरात. मोकळ्या रस्त्यावर तो फारसा जाणवत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण गरम करा, आयडलिंगला ठेवा आणि चोक ओढा. निरोगी गाडी लगेच घुसमटते, भकभक करते, कधी बंद पडते, कारण गरम इंजिनाला ते जास्तीचं पेट्रोल सोसत नाही. चोक ओढूनही आवाजात काहीच फरक पडला नाही, तर चोक आधीपासूनच उघडा आहे किंवा केबल काही ओढतच नाही. माझ्या गाडीत काहीच फरक पडला नाही. केबलचं टोक कार्बोरेटरपाशी सोडलं तेव्हा प्लंजर "टक" करून खाली बसला. तो टक मला अजून आठवतो.

आणि आता कळेल दर सर्व्हिसिंगनंतर आठ-दहा दिवस बरं का वाटायचं. मिस्त्री हवेचा स्क्रू फिरवून मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) करायचा, चोकमधून गळणारं पेट्रोल त्याने थोडं झाकलं जायचं. मग सकाळी थंडीत गाडी चालू व्हायची नाही, मी तक्रार करायचो, तो स्क्रू परत फिरवायचा. दोघंही प्रामाणिक, दोघंही चुकीच्या जागी.

इंजेक्शनच्या गाडीत हेच दुखणं वेगळ्या कपड्यात येतं. तापमानाचा सेन्सर इंजिन थंडच आहे असं सांगत राहतो, किंवा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडाच अडकतो आणि इंजिन खरोखरच तापत नाही. मीटरवर तापमानाचा काटा असेल आणि तो अर्ध्या तासानेही खालीच लोळत असेल, तर थर्मोस्टॅट पाहायला सांगा. बाकी सेन्सरांचं निदान स्कॅनर लावूनच करायचं, अंदाजाने सेन्सर बदलत सुटू नये.

दुसरं कारण: न सुटणारा मागचा ब्रेक

हे जास्त लोकांना लागू पडेल. सर्व्हिसिंगला गाडी दिली की "ब्रेक टाइट करून दिलेत" हे वाक्य आपल्याला आवडतं. पायाखाली ब्रेक कडक लागतो, काम झाल्यासारखं वाटतं. पण ड्रम ब्रेकच्या पेडलला साधारण २० ते ३० मिलिमीटर रिकामी हालचाल लागते. ती संपवली की ब्रेक शू ड्रमला कायम चाटत राहतात.

माझ्या गाडीत पेडलला ढील होती, त्यामुळे तिकडे कुणी पाहिलंच नाही. खोट पुढे होती: ड्रममध्ये शू फाकवणारा जो कॅम असतो, त्याचा दांडा गंजला होता. ब्रेक दाबला की शू फाकायचे, सोडला की पूर्ण मागे यायचे नाहीत. गाडी धुतली की पाणी नेमकं त्या दांड्याच्या फटीत शिरतं. सर्व्हिसिंगचा शेवट वॉशिंगने होतो. म्हणजे दर वेळी गाडी चकाचक होऊन यायची आणि पंधरा दिवसांत कॅम पुन्हा गंज धरायचा.

तपासा असं. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. मागचं चाक टायरला धरून हाताने फिरवा आणि किती फिरतं ते लक्षात ठेवा. बोटं चेन-स्प्रॉकेटपासून लांब ठेवा. आता पेडल जोरात दाबून सोडा आणि पुन्हा तेवढ्याच जोराने फिरवा. पहिल्यापेक्षा लवकर थांबलं, किंवा "स्स्स" असा आवाज आला, तर ब्रेक सुटत नाहीये. नुसतं फिरवून पाहू नका. रात्रभर उभ्या गाडीचा ब्रेक बऱ्याचदा सुटलेलाच असतो, दाबून सोडल्यावरचं फिरणं महत्त्वाचं. दुसरी खूण: मागचा ब्रेक न वापरता दोन किलोमीटर जा आणि उलटा हात ड्रमजवळ न्या. ऊब जाणवायला नको. डिस्क असेल तर कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना कोरड्या पडलेल्या असतात. त्या साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं, आणि ते पॅडला किंवा डिस्कला लागू द्यायचं नाही.

कॅमचा दांडा काढून बारीक पॉलिश पेपरने घासला, अगदी थोडं जास्त तापमान सोसणारं ग्रीस लावलं, बस. तेव्हापासून गाडी धुतली की मी तिला उभी ठेवत नाही. एक फेरी मारतो आणि दोन-चारदा ब्रेक दाबतो, म्हणजे आतलं पाणी सुकतं.

मागच्या पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर वरचं सगळं करूनही उपयोग नाही. ब्रेकलाइट सतत पेटलेला दिसतो का, हे मागून येणाऱ्या मित्राला विचारा.

बाकीचं भराभर

टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना. १००-१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत पुढे २५ आणि मागे २८-२९ पीएसआय, मागे माणूस असेल तर आणखी थोडी. तुमच्या गाडीचा आकडा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर चिकटवलेला असतो.

चेनची ढील साधारण २० ते ३० मिलिमीटर, पण ती चाक फिरवत चेन जिथे सर्वात ताठ लागेल तिथे मोजायची. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. घट्ट चेन आवाज करत नाही म्हणून चांगली वाटते, पण ती ताकद आणि बेअरिंग दोन्ही खाते.

क्लचच्या खटक्याला १०-२० मिलिमीटर ढील हवी. वरच्या गिअरमध्ये रेस वाढवली आणि इंजिन ओरडलं पण वेग वाढला नाही, तर प्लेट घसरतेय.

एअर फिल्टर तुंबला की कार्बोरेटरची गाडी जास्त पेट्रोल पिते. इंजेक्शनच्या गाडीत मुख्यतः पिकअप जातो. तेलकट कागदाचा फिल्टर हवेने फुंकून साफ करायचा नसतो, सरळ बदलायचा.

टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारे भाग) फार घट्ट झाले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराने, इंजिन पूर्ण थंड असताना गॅप मोजून घ्या.

प्लगबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण इथेच माझी सर्वात जास्त दिशाभूल झाली. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, हे खरं. पण प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच त्याच्यावरची काजळी जळून जाते. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तेवढं तापेलच असं नाही. म्हणजे छोट्या पल्ल्याच्या धडधाकट गाडीचाही प्लग काळसर निघू शकतो. प्लग वाचायचा असेल तर वीसेक किलोमीटर चालवून, इंजिन बंद करून, निवल्यावर काढून वाचा.

उरलेला भाग तुमच्या मनगटात

गाडी आणि माणूस मिळून २०० किलो धरा. शून्यापासून ताशी ४० पर्यंत न्यायला सुमारे १२ किलोज्यूल ऊर्जा लागते, ६० पर्यंत न्यायला जवळपास २८. एक मिलिलिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ किलोज्यूल असतात, आणि इंजिन त्यातला पाचवा भाग चाकापर्यंत पोचवतं असं मानलं तर प्रत्येक वेळी ४० गाठायला सुमारे दोन मिलिलिटर जातं, ६० गाठायला चारच्या वर. पुढच्या सिग्नलला ते सगळं ब्रेकच्या उष्णतेत संपतं. वाटेत असे दहा थांबे असतील तर फरक वीस-पंचवीस मिलिलिटरचा. चार किलोमीटरला ५० च्या अॅव्हरेजने एकूण लागतं ८० मिलिलिटर. त्यातलं पाव ते तृतीयांश नुसतं पुढच्या लाल दिव्यापाशी आधी पोचण्यात गेलं.

म्हणून दिवा लाल दिसला की रेस तिथेच सोडा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत गिअर आत असताना रेस पूर्ण सोडली की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. तेव्हा क्लच दाबून घरंगळत जाऊ नका, क्लच दाबला की आयडलिंगसाठी पेट्रोल पुन्हा सुरू होतं. क्लच अगदी शेवटी, इंजिन अडखळायच्या जरा आधी. सिग्नलला २०-३० सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद, पण ते गरम असेल तरच, आणि बॅटरी धड असेल तर. रोज चार किलोमीटर चालणारी गाडी बॅटरी पूर्ण भरत नाही. दहा वेळा सेल्फ मारून तिचा जीव काढू नका.

दोन्ही दुरुस्त्यांनंतर माझा तीन टाक्यांचा आकडा ४८ आला. जुने ५० आले नाहीत. दोन किलोमीटरचा हिशोब पेट्रोलमध्ये असेल, नव्याने वाढलेल्या सिग्नलांत असेल, मी तिथे थांबलो.

गॅरेजला जायची वेळ आलीच तर "अॅव्हरेज देत नाही" एवढंच सांगू नका, त्यावर तो ट्यूनिंगच करणार. छोट्या पल्ल्याचा आकडा, लांबचा आकडा, गरम इंजिनावर चोक ओढल्यावर काय झालं, ब्रेक दाबून सोडल्यावर चाक किती फिरलं, हे चार मुद्दे कागदावर लिहून द्या. आणि गाडी ताब्यात घेताना तिथेच मेन स्टँडवर लावा, पेडल एकदा दाबून सोडा आणि मागचं चाक हाताने फिरवून पाहा.